पुढे बसणारा माणूस

१८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर नाही म्हणून दुसऱ्यात माझे कान उपटलेत, तेही पोचलं. पोस्टमनला बोल लावू नका. बिचारा माझ्याच होडीतून बेटावर येतो, पत्र माझ्याच हातात ठेवतो आणि वर विचारतो, "वहिनी, परतीचं काही?" मी आभाळाकडे बघते. फोनवर बोलता येत नाही, कारण हे समोर बसलेले असतात. तुमच्या दादांची वाचा गेली, कान शाबूत आहेत.

इकडे ठीक. शाळेतल्या बाईंची बदली झाली. येताना होडीला घाबरून रडल्या होत्या, जाताना आमच्यासाठी रडल्या. शेळीवाला अजून तसाच, शेळीला मांडीवर घेऊन बसतो आणि बायकोला उभं ठेवतो. मधला वाळूचा दांडा या वर्षी पुन्हा सरकला. धाकट्या बेटाला वळसा घातल्याशिवाय आता जाता येत नाही, आणि ओहोटीला तिथे जेमतेम गुडघाभर पाणी.

बरं. किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? तुम्ही विचारलंत, "दादाला माझ्याकडे कधी पाठवतेस? व्यायाम करून घेणारे डॉक्टर आमच्या गल्लीतच आहेत, बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, तू अडवून का धरलंयस?" मागे मी कळवलं होतं, हे नसतील तर होडी चालणार नाही. वन्सं, ते खोटं होतं. म्हणजे आधी खरं होतं, मग कधीतरी खोटं झालं आणि मी कुणाला कळू दिलं नाही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात गेला, पण डाव्या हाताने बांबू धरता येत होता. हे होडीच्या पुढच्या टोकाला बसायचे, बांबू बुडवून पाण्याचा अंदाज घ्यायचे आणि मागे सुकाणू धरून बसलेल्या मला बोटांनी दाखवायचे. एक बोट म्हणजे थांब. उघडा पंजा म्हणजे बिनधास्त जा. त्या बोटांच्या जिवावर मी होडी हाकायला शिकले. नाहीतर मला काय येत होतं? नवी नवरी असताना घोटाभर पाण्यात किंचाळायचे, तुम्हीच पोट धरून हसायचात.

हळूहळू पाणी कळायला लागलं. कुठे रंग बदलतो, कुठे वरचं पाणी सुरकुततं. बोट वर व्हायच्या आत माझा हात वळलेला असायचा. तरी मी आपली मान डोलवायची, "बरं बरं, डावीकडे घेते" म्हणायची. हे पुढे बसले की मला त्यांची पाठ दिसते. तेवढी पाठ दिसली की बरं वाटतं. दुसरं काही कारण नाही.

मागच्या महिन्यात यांनी एक बोट दाखवलं. बांबू एखाद्या दगडावर टेकला असणार. तिथे पाणी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. नर्सबाईंना बाळंतपणाला पोचायचं होतं, ओहोटी लागली होती. मी न थांबता होडी पुढे काढली. कुठे टेकली नाही की घासली नाही. नर्सबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "वा वहिनी, तुम्ही तर पक्क्या खलाशी झालात!" यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग बांबू आडवा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून होडीवर आलेच नाहीत.

मी मनधरणी केली, रुसले, ओरडले. हे खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

काल मी एक वेडेपणा केला. माणसं उतरवून एकटीच परतत होते. आमच्या खिडकीसमोरच्या उथळ जागेत ओहोटीच्या वेळी मुद्दाम होडी चिखलात घातली. म्हटलं, बघू देत त्यांना, त्यांच्यावाचून माझं कसं अडतं ते! पाणी उतरलं, होडी एका कुशीवर कलली आणि मी आत बसून राहिले. उतरावं तर कमरेपर्यंत चिखल. प्यायचं पाणी संपलं. खेकडे तेवढे माझ्याकडे बघून जात होते. मी हाक मारली, "अहो!" उगीच, गंमत म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा मारली, ती गंमत नव्हती. मला फार भीती वाटली, वन्सं. हे गेल्यावर माझं रोजचं असंच होणार, फक्त होडी चालत असेल.

खिडकीत हे उठून उभे राहिलेले दिसले. वाटलं, जमलं!

भरतीने होडी सुटली, घरी आले, तर दाराशी पिशवी. सदरे गुंडाळून कोंबलेले, एका हाताने आणखी काय होणार? माझं डोकं फिरलं. "बायको चिखलात रुतली आणि तुम्ही पिशवी भरताय?" त्यावर हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने. त्या जागेकडे बोट करून मान हलवली. ती जागा लांबूनच उथळ दिसते, तिथे चुकूनसुद्धा कुणी होडी घालत नाही, हे मला ठाऊक आणि त्यांनाही. मी पुरती पकडले गेले. मग माझा हात ओढून तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि शहराच्या बाजूला बोट दाखवलं. मी खूप रडले. हे थांबले होते, माझं रडून होईपर्यंत.

तर रविवारी मोठी भरती आहे, मी यांना घेऊन येते. धक्क्यावर या. यांना चहा बशीत लागतो, कपाने सांडतो. रागावले तर बोलू नका, थोडा वेळ सोडून द्या. आणि बोलायला लागले, तर पहिला शब्द काय निघाला ते मला कळवा. शिवी असली तरी चालेल.

एक राहिलं. पुढे कुणी नसलं की होडीचं टोक उचलतं आणि वारा तिला भलतीकडे ओढतो. महिनाभर कुणा उतारूला तिथे बसवून भागवलं, आता कायमचं वजन हवं. आज सकाळी किनाऱ्यावर दगड शोधत होते, तर हे काठी टेकत मागोमाग आले. मी उचलला तो यांनी नापसंत केला, दुसराही केला. शेवटी स्वतःच एक मोठा दाखवला. मिळून ढकलत आणून होडीत घातला. जाताना तो माझ्या पायाशी असेल. येताना पुढे सरकवीन.

रविवारपर्यंत आम्हा दोघांचा नमस्कार.

तुमची,
वहिनी