फोटोपुरते काढलेले चष्मे

१० फेब्रुवारी

प्रिय वहिनीबाई,
स. न. वि. वि.

फोन केला तर दादा कान लावून ऐकेल, म्हणून पत्र. पाय प्लास्टरमध्ये म्हणून आपल्या वर्गाचा मेळावा चुकला तुझा. खरं सांगू, वाचलीस! जेवणाआधी फोटोवाला म्हणाला की काचा चमकताहेत, चष्मे काढा. आम्ही शहाण्यांनी सगळे चष्मे एका ट्रेमध्ये ठेवले. तेवढ्यात कुणीतरी जेवण वाढल्याची वर्दी दिली आणि ट्रेवर झडप पडली. या वयात सगळेच काळी फ्रेम घेतात, हे कुणाच्या लक्षात आलं?

आपले जजसाहेब हॉलच्या रखवालदाराला जुना रूममेट समजून गळ्यात पडून रडले. रखवालदार भला माणूस, तोही रडला. मी आइस्क्रीम समजून लोण्याचा गोळा खाल्ला, वर छान झालंय म्हणून सांगितलंही. जन्मभर लोकांचे दात तपासले, आता माझीच टूथपेस्ट गालाला लागते. माझ्या नाकावर कुणाचा चष्मा आहे ते शोध. दादाला सांगू नकोस, वर्षभर हसेल.

लोभ आहेच, अक्षरावरून मात्र ओळखू नये.
तुझी नणंद

१४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
साष्टांग नमस्कार (एका पायाने जमेल तेवढा).

तुझं पत्र तुझ्या दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. खुर्चीवरून घसरला.

मी घरात बसलेली, म्हणून सगळ्यांचे फोन माझ्याकडेच. जुळवाजुळव झाली. जजसाहेब आणि पोस्टमास्तर एकमेकांचे चष्मे लावून हिंडताहेत. तुझा उंटाकडे आहे आणि उंटाचा तुझ्याकडे. हो, तोच, मान पुढे काढून चालणारा! कॉलेजच्या नाटकात त्याने तुला राणीची भूमिका दिली, ऐन वेळी पहारेकरी केलं, आणि तेव्हापासून तू त्याच्याशी बोललेली नाहीस. मेळाव्यातही म्हणे दोघं दोन टोकांना बसलात.

कुरिअरने पाठवते म्हणशील, पण काचा फुटतील. मी त्याला तुझा पत्ता देऊन टाकलाय, रविवारी येतोय. बिचारा विचारत होता की ती अजून तशीच रागावते का. मी म्हटलं, सराव चालू आहे. बायको गेल्यापासून त्याला भांडायलाही कुणी उरलं नाही गं. चहा दे आणि बसून भांड.

मोडला तो पाय, लोभ नाही.
तुझीच भावजय

१९ फेब्रुवारी

प्रिय आगलावी वहिनी,
स. न. वि. वि.

उंट आला. पण माझा चष्मा लावून आला, त्यामुळे घंटी वाजवली शेजारणीची. ती रिटायर्ड नर्स, कुणालाही दारातून परत पाठवत नाही. तिने दार उघडताच याने हात जोडून सुरुवात केली. वाटेत पाठ केलं असावं. म्हणाला, राजा मी स्वतः होतो, समोर तू राणी म्हणून आलीस की मी वाक्यं विसरायचो, म्हणून तुला दूर दरवाजावर उभं केलं. इतकी वर्षं सांगायचा धीर झाला नाही, माफ कर.

शेजारणीने सगळं शांतपणे ऐकलं, डोळे पुसले, झालं गेलं विसरले म्हणाली आणि त्याला चहाबरोबर बिस्किटं दिली. मी माझ्या दारात उभी! शेवटी तिच्या घरात जाऊन सांगितलं की राणी मी आहे. त्याने आपला चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला की माफी मिळाली आहे, आता उगाच प्रकरण पुन्हा उघडायला नको. मला इतका राग आला की हसूच फुटलं, आणि मग तिघांनाही आवरेना. भांडण राहूनच गेलं.

आज सकाळी शेजारीण आली. म्हणाली, आपण फार लवकर माफ केलं असं वाटतंय, मनात अजून थोडा राग आहे, तेव्हा त्यांना पुढच्या रविवारी पुन्हा बोलवा. मी तिला स्पष्ट सांगितलं की राग माझा आहे, तुमचा नाही.

फोन मात्र मी लगेच केला.

लोभ होताच, आता जरा जास्तच समजावा.
तुझी नणंद