पातळ पाणी

१२ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावोजींच्या बदलीचं काय झालं? इकडे सगळं ठीक. ह्यांचं घोरणं आणि माझी बडबड, दोन्ही सुरळीत चालू आहे. आपण फोनवर बोलतो खरं, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून पत्र.

बातमी अशी, की मी एक काम धरलंय. अपंग मुलांच्या आईबापांना जरा विसावा मिळावा म्हणून त्यांचं मूल शनिवार-रविवार आपल्या घरी ठेवून घ्यायचं. एका संस्थेचं काम आहे, त्यांनी आधी तीन महिने शिकवलं. बारा जणींत मीच थोराड. शिकवणाऱ्या बाई जुन्या नर्स, एकदम खाष्ट. ‘माया नंतर, आधी हात धुवा,’ म्हणतात. बाहेरच्या खोलीतला सोफा विकून तिथे कठड्याचा पलंग आणला. हे म्हणाले, ‘पाहुणे आले की बसवायचं कुठे?’ मी म्हटलं, ‘आपल्याकडे येतंय कोण!’

अर्जात एक प्रश्न होता: यापूर्वी अशा मुलाला सांभाळलं आहे का? मी ‘नाही’ लिहिलं.

ते खोटं आहे, हे तुला माहीतच आहे. तुझ्या बबडीला मी सांभाळलं होतं. एकदाच, चार तास. तीन वर्षं तुला सलग झोप नव्हती, म्हणून तू माझ्या घरी जाऊन झोपलीस आणि मी तुझ्या घरी थांबले.

काल माझ्याकडे पहिलं मूल आलं. पाच वर्षांचा मुलगा. मान धरत नाही, बोलत नाही, हसतो मात्र खळखळून. त्याच्या आईने पाणी दाट करायच्या पावडरीचा डबा हातात दिला. ‘नुसतं पाणी देऊ नका हं, फुप्फुसात जातं.’ मी मान हलवली. शिकवणीच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, ठसका लागून आवाज ओला, घोगरा झाला की तडक डॉक्टर. त्या दिवशी मी मोरीत जाऊन ओकले होते. बाकीच्यांना वाटलं, हिला काही तरी बाधलं.

ताई, तुझ्या स्वयंपाकघरात तो कागद चिकटवलेला होता. पाण्यात दोन चमचे पावडर, थांबणे, मग चमच्याने. मी तो वाचला होता. बबडी पाण्यासाठी रडत होती आणि मला थांबायचा कंटाळा आला. पेला सरळ तिच्या तोंडाला लावला. ती घटाघटा प्यायली, हसलीसुद्धा. मी मनात म्हटलं, ताई उगीच बाऊ करते. मग ठसका लागला. बराच वेळ थांबेना. मी पाठ थोपटली, ओला फ्रॉक बदलला, पेला विसळून पालथा घातला. तू आलीस तेव्हा दारातच म्हटलं, ‘अगदी शहाण्यासारखी राहिली.’ तू विचारलंस, ‘घसा बसलाय का गं हिचा?’ मी म्हटलं, ‘रडली असेल थोडी.’

संध्याकाळी तू तिला न्हाऊ घातलंस. तिसऱ्या दिवशी ताप आला, नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी विचारलं होतं, पातळ पाणी दिलं होतं का? तू ‘कधीच नाही’ म्हणालीस. माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाहीस, इतका तुझा विश्वास. मग तुझ्या सासूबाई म्हणाल्या, ओल्या केसांनी निजवलं, छातीत सर्दी गेली. तू ते मानलंस. सहा वर्षं मानते आहेस. आणि मी शेजारी बसून ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणत राहिले.

आज दुपारी त्या मुलाची आई त्याला न्यायला आली. गालावर उशीची वळी उमटलेली. माझे हात धरून रडली, म्हणाली, ‘तुम्ही होतात म्हणून झोपले.’ मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. वाटलं होतं, अशी पन्नास मुलं सांभाळली की मन हलकं होईल. काडीचंही होत नाही. कालपासून त्याला आठदा पाणी पाजलं. दर वेळी पाणी दाट व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अर्जात खोटं लिहिलं, हे उद्या बाईंना सांगणार आहे. काम जाईल. पण आधी तुला सांगायचं होतं.

आंघोळीने काही झालं नव्हतं, ताई. पाणी मी पाजलं. हे पत्र भावोजींना दाखव, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. ज्यांनी ज्यांनी तुला बोल लावला, त्यांना माझं नाव सांग. फोन करू नकोस असं लिहिणार होते. पण कर, हवं ते बोल. मी ठेवणार नाही.

तुझी म्हणवून घ्यायचीही लाज वाटणारी,
धाकटी