मिरच्यांचे देठ

सक्करदरा, ८ डिसेंबर १९७४

आज सुधीरचं अमेरिकेहून पत्र आलं, त्याच्या आईच्या नावानं. ती गेल्याची माझी तार पोचायच्या आधी टाकलेलं. त्याची मेक्सिकन शेजारीण म्हणे मिरच्या-टमाटे भाजून दगडावर चटणी वाटते, थेट आपल्या ठेच्यासारखी. ‘आई, तू मिरच्या देठासकट भाजतेस का देठ काढून? तिला सांगायचं आहे.’

एकतीस वर्षं ठेचा खाल्ला आणि मला माहीत नाही! एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, ‘तुमाले काय करा लागते? खा मुकाट्यानं.’ खाल्ला मुकाट्यानं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात शोधलं. ती कोसळली त्या सकाळी मिरच्या निवडत होती ते सूप फळीवर तसंच होतं. मिरच्या पार सुकलेल्या. अर्ध्यांचे देठ काढलेले, अर्ध्यांचे राहिलेले.

म्हणजे देठ काढून. सुधीरला तेवढंच लिहिलं. राहिलेले देठ मात्र माझ्याच्यानं काढवले नाहीत.