जायफळाचं बेट

मंगळवार, संध्याकाळ

दुपारी गारखेड्यात चहा पिताना वैशू म्हणाली, "ग्रेनाडाला डॉक्टरकीला नंबर लागला," आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

"असला देश असतोय का कुठं?" मी ओरडलो. टपरीवरचे लोक बघायला लागले.

"येड्या, कॉलेजबरोबर भूगोल पण सोडलास का?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "तू नको म्हणलास तर नाय जात. आजच सांग."

तेव्हापासून मोबाईलवर तेच बघतोय. वेस्ट इंडीजकडचं बेट, आपल्या कन्नड तालुक्यापेक्षाही लहान. नकाशा जरा मागं घेतला की गायबच. जायफळ आणि पर्यटक, यांच्यावरच सगळ्यांचं पोट. एका वादळात जायफळाची झाडं आडवी झाली, ती पुन्हा फळायला कितीतरी वर्षं लागली. अशात हिचं काय? पुन्हा नकाशा मागं घेतला. पुन्हा गायब. लई भ्या वाटतंय.

पण खरं भ्या वादळाचं आहे का? डॉक्टर होऊन आल्यावर ती माझ्याशी बोलंल का? आणि माझ्यासाठी थांबली, तर जन्मभर माझ्याकडं कशी बघंल?

तिच्या घरी जाऊन, समोर उभं राहून "जा" म्हणायचं. फोनवर माझ्या तोंडून "नको"च निघंल. उठतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.