एका चुलीला चार घागरी

१२ मार्च १९८३
गावच्या विहिरीनं तळ दाखवला. पाणीवाटपाचा कायदा लिहायचं काम पंचायतीनं माझ्याकडं दिलं. दुसरं कोण लिहिणार म्हणा! लातूर जिल्हा नवा, कलेक्टर ऑफिस नवं. ड्राफ्ट जमला तर अख्ख्या जिल्ह्याला लागू होईल. कलम एक: एका चुलीला चार घागरी. सोपं, सरळ. जात बघायची न्हाई, शेती बघायची न्हाई.

१५ मार्च
पंचायतीत कायदा पास! सून तारामती म्हणाली, मामंजी, एकट्या चतुराबाईला चार अन् आपल्या सात माणसांना बी चारच? म्हटलं, कायद्यापुढं सगळे सारखे. तिला ड्राफ्टिंग कळत नाही. एक कॉपी कलेक्टर ऑफिसला धाडली.

२ एप्रिल
लबाड लेकाचे! पाण्यासाठी घरोघर दोन-दोन चुली मांडू लागले. कलम दोन जोडलं: वेगळी चूल म्हणजे रांधणं वेगळं, जेवणं वेगळं. एका चुलीचा घास दुसऱ्या चुलीच्या माणसानं खाल्ला की दोघांचं पाणी बंद. आता काढा पळवाट.

६ एप्रिल
आमच्या लेकानं, मन्मथनंही पडवीत चूल मांडली. पाण्यापुरती, म्हणाला. हरकत नाही. कायदेशीर आहे.

९ एप्रिल, दुपार
मन्मथची नागू, पाच वर्षांची, रोजच्यासारखी माझ्या ताटात जेवायला बसली. घास उचलला. दारात पंचायतीचे शेषेराव. काय करणार? हातातला घास काढून घेतला, सांगितलं, तुमची चूल वेगळी हाय. लई रडली. बायको, शिवगंगा, न जेवताच उठली. जेवेल रात्री.

२० मे
नागू इकडं फिरकत नाही. ऊन फार आहे, त्यामुळं असेल. कलेक्टर ऑफिसचं उत्तर नाही. अभ्यास करत असतील.

१७ जुलै
विहिरीला पाणी आलं. कायदा रद्द. गावानं जास्तीच्या चुली मोडल्या. मन्मथला म्हटलं, मोड बाबा आता. म्हणे, आप्पा, पोरीच्या हातचा घास काढला तवाच घर मोडलं. चूल राहू द्या. रागात बोलला. आठ दिवसांत येईल ठिकाणावर.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
श्रावण सोमवार सोडायला शिवगंगानं गव्हाची गोड खीर, हुग्गी केली. नागूला आवडते. मुद्दाम हाक मारली. आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. ये माय, म्हटलं, बस माझ्या ताटात. ताटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, नगं आजा, आमची चूल वेगळी हाय. तुमचं पाणी बंद हुईल.

कायदा कधीच रद्द झालाय, एवढं तिला सांगायचं होतं. ती गेली.

ड्राफ्ट खरंच सोपा होता. पाच वर्षांच्या लेकराला पाठ आहे.