साकीनाक्याची शेवंती भंगारात न काढणेबाबत

प्रति,
मा. साठवण अधिकारी,
बेवारस वाहने उचल व साठवण कक्ष,
मुलुंड (पश्चिम).

विषय: शेवंती नावाचा १९६४ सालचा ट्रक बेवारस नसून तो मंगळवारच्या लिलावातून वगळणेबाबत.

संदर्भ: सदर ट्रकच्या काचेवर आपण चिकटवलेली नोटीस (क्रमांक व तारीख धुऊन गेली आहे, कारण परिच्छेद २ मध्ये दिले आहे).

महोदय,

१. अर्जदार विमला घाडीगावकर, वय ६७, राहणार असल्फा, घाटकोपर (पश्चिम), ही बस डेपोच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेली असून ‘लांबनाक अवजड वाहनप्रेमी मंडळ, साकीनाका’ या मंडळाची सेक्रेटरी आहे. ज्या जुन्या ट्रक-बसचे इंजिन ड्रायव्हरच्या पुढे लांब बॉनेटखाली असते, त्या गाड्यांना मंडळ लांबनाक म्हणते. हल्लीच्या चपट्या तोंडाच्या गाड्यांबद्दल मंडळाला काही बोलायचे नाही. शेवंती ही सभासद श्री. फ्रेडी मुर्झेलो, राहणार गोराई, यांच्या वडिलांनी घेतलेली गाडी. गोराईची भाजी आणि शेवंतीची फुले तिने चाळीस वर्षे बाजारात पोचवली, म्हणून हे नाव. फ्रेडीची बायको तेरेसा लग्नाच्या दिवशी चर्चमधून घरी आली तीसुद्धा शेवंतीच्या हौद्यात खुर्ची टाकून. गोराईत जागा उरली नाही म्हणून गेली अकरा वर्षे शेवंती साकीनाक्याच्या एका वर्कशॉपच्या गल्लीत उभी असते आणि दर रविवारी दहा ते एक मंडळाचे नऊ सभासद तिच्यात बसून जुन्या गाड्यांच्या गप्पा मारतात. तिघे केबिनमध्ये, सहा हौद्यात. नऊ माणसे जिला पुसतात, तेलपाणी करतात, तिला आपण बेवारस म्हणता? अर्जदाराची स्वतःच्या घरी एवढी विचारपूस होत नाही, साहेब.

२. नोटिशीला वेळेत उत्तर का दिले नाही, असे आपण तोंडी विचारलेत. खरे ते सांगते. नोटीस थेट काचेवर चिकटवली होती आणि तिचा डिंक खाली बॉनेटच्या मूळच्या रंगावर ओघळला होता. साठ वर्षांचा रंग! फ्रेडीच्या डोळ्यांत पाणीच आले. सभासदांनी कोमट पाणी आणि खोबरेल तेल लावून दीड तास खपून डिंक काढला, रंगाचा एक टवकासुद्धा उडू दिला नाही, एकमेकांची पाठ थोपटली आणि कागदाचा लगदा कचऱ्यात टाकला. त्यावर काय लिहिले होते हे वाचायचे नऊपैकी एकालाही सुचले नाही. अर्जदाराने एकतीस वर्षे आवक-जावक सांभाळली आहे, त्यामुळे तिला याची जास्त लाज वाटते.

३. दिनांक २ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेदहा. मंडळात एक रिवाज आहे. रस्त्यावरून जड गाडीचा आवाज आला की सर्वांनी डोळे मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायची. जो बरोबर ओळखेल तो त्या दिवशी शेवंतीच्या स्टिअरिंगवर बसतो. त्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी असा काही आवाज झाला की फ्रेडी ओरडला, “डोळे मीट, विमला, डोळे मीट! अगं, लांबनाक आहे!” सगळ्यांनी डोळे घट्ट मिटले. गाडी जवळ आली, रिव्हर्स झाली, साखळ्या वाजल्या. सभासद आपले डोळे मिटून सिलिंडर मोजताहेत! डोळे उघडले तेव्हा समोर आपल्या कक्षाची क्रेन उभी होती. शेवंतीच्याच घराण्यातली, पण तिच्याहूनही सहा वर्षांनी मोठी आणि अजून रोज कामावर जाणारी.

महोदय, अर्जदाराला नातू झाला तेव्हाही ती इतकी नाचली नव्हती. कोणी क्रेनचे मडगार्ड कुरवाळले, कोणी बॉनेटला गाल लावला. आपले क्रेनचालक श्री. राजेश नोटिशीची दुसरी प्रत हातात धरून “अहो काका, ऐका तरी” म्हणत होते, पण त्यांना कोण विचारतो! एवढ्यात क्रेन फुरफुरली आणि बंद पडली.

४. मंडळाचे सभासद श्री. बाळ तांडेल, राहणार खारदांडा, हे जुने मेकॅनिक. त्यांनी बॉनेट उघडून दोन मिनिटांत निदान केले की फीड पंप गेला. टाकीतले डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा हा छोटा पंप. असा पंप हल्ली मिळत नाही. बाळभाऊंनी इकडे तिकडे पाहिले, शेवंतीचे बॉनेट उघडले, तिचा पंप काढला आणि क्रेनला बसवला. क्रेन सुरू झाली. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. फ्रेडीने स्वतः पुढे होऊन “येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप, बस्स!” असे म्हणत क्रेन नीट लावून दिली, तिची साखळी शेवंतीला कशी अडकवली म्हणजे बंपर चेपणार नाही तेही दाखवले. दोन लांबनाक्या एकामागून एक गल्लीतून निघाल्या तेव्हा अर्जदाराने निवृत्तीच्या वेळी डेपोतून मिळालेली घंटा दोनदा वाजवून त्यांना निरोप दिला. काय थाट होता, साहेब!

पाच मिनिटांनी चहा आला. बसायला गेलो तर बसायला काही नव्हते. तेव्हा कुठे मंडळाच्या डोक्यात प्रकाश पडला.

५. पुढचे आपणास ठाऊक आहे. आपल्या यार्डात शेवंतीची तपासणी झाली आणि ‘इंजिन अपूर्ण, सबब भंगार’ असा शेरा पडून २५ फेब्रुवारीचा लिलाव ठरला. आपण भला विचार करून सांगितलेत की, गाडी माझ्यासमोर सुरू करून दाखवा, लगेच सोडतो. पण पंप परत मागितला तर कळले की राजेश यांनी प्रामाणिकपणे त्याची ‘भेट मिळाली’ अशी नोंद करून टाकली असून तो आता कार्यालयाची मालमत्ता आहे. साकीनाक्यातले एकही वर्कशॉप आम्ही सोडले नाही. नवीन बनवून द्यायला दोन महिने लागतील म्हणतात.

६. त्यानंतरच्या दोन्ही रविवारी फ्रेडी गोराईची फेरीबोट पकडून सकाळी नऊलाच आला. शेवंतीच्या रिकाम्या जागेवर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसला. दोन स्कूटरवाले पार्किंगसाठी भांडून गेले, पण पठ्ठ्या उठला नाही. गप्पा नाहीत, काही नाही. अर्जदाराने वडापाव पुढे केला तर म्हणाला, “नको गं. तिचं काय होईल सांग.” हे पाहवत नाही, महोदय. काल मंडळाने मतदान घेतले की क्रेनचा पंप सोडवण्यासाठी वरपर्यंत अर्ज करावा काय. एकही हात वर झाला नाही. पहिला नकार फ्रेडीचाच. “ती म्हातारी अजून ड्युटी करते. तिचा पंप काढायचा? माझ्या हातून नाही होणार.” म्हणून मंडळ पंपावरचा हक्क आनंदाने सोडत आहे.

७. मार्ग काढला तो आपल्याच राजेश यांनी. ते कालच्या सभेला पाहुणे म्हणून आले होते. ते म्हणाले, पंप कशाला हवा? डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच धरायचा, नळी सोडायची, डिझेल आपोआप उतरेल. तसे तर त्या दिवशी क्रेनलाच डबा बांधता आला असता! अर्जदाराने बाळभाऊंना फाडकन विचारले, हे तुम्हाला माहीत नव्हते? ते म्हणाले, “माहीत होतं की. पण पाहुणी गाडी दारात आलेली, तिला डबा टांगून पाठवायची? बरं दिसतं का ते?” अर्जदाराने हे उत्तर सभेच्या वहीत जसेच्या तसे नोंदवून घेतले.

८. तरी विनंती की, रविवार दिनांक २३ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता यार्डात आपल्यासमोर शेवंती डब्याच्या डिझेलवर सुरू करून दाखवण्यास परवानगी द्यावी. स्टिअरिंगवर फ्रेडी बसेल, इंजिनापाशी बाळभाऊ. डबा मात्र केबिनच्या वर धरावा लागतो आणि मंडळातल्या एकाचेही गुडघे टपावर चढण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. राजेश तयार आहेत. त्यांना तसा लेखी आदेश व्हावा. गाडी सुरू झाली नाही तर फ्रेडी चावी आपल्या हातात देईल आणि मंडळ पुन्हा अर्ज करणार नाही.

परंतु सुरू झाली, तर एकदा धरलेला दम तिने सोडता कामा नये असे बाळभाऊंचे मत आहे. सबब ताबा देण्याच्या सर्व सह्या आदल्या दिवशी उरकाव्यात आणि गेट पहाटेपासून सताड उघडे ठेवावे, कारण फ्रेडी न थांबता तिला तशीच बाहेर काढून साकीनाक्याला आणणार आहे आणि त्या वेळी राजेश टपावरच असतील.

उत्तराची वाट पाहण्याइतके दिवस हाती नाहीत, म्हणून अर्जदार हा अर्ज घेऊन आपल्या दारातच बसली आहे.

आपली नम्र,
विमला घाडीगावकर
सेक्रेटरी, लांबनाक अवजड वाहनप्रेमी मंडळ
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१. शेवंतीच्या नोंदणीपत्राची व विम्याची प्रत.
२. चावी देण्याबाबत श्री. फ्रेडी मुर्झेलो यांचे संमतीपत्र. (सही दोन ठिकाणी फिसकटली आहे, चालवून घ्यावी.)
३. श्री. राजेश यांचा त्या दिवशीच्या अर्ध्या रजेचा अर्ज. कारणाच्या रकान्यात ‘डबा धरून जाणे’ असे लिहिले आहे. फक्त आपली सही बाकी आहे.