साडूभाऊंची राहायची गाडी

जालना, रविवार

सन्माननीय साडूभाऊ बद्रीनाथराव यांना सुग्रीवचा रामराम. थोरल्या मेव्हणीबाई बेबीनंदाताईंना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला आराम पडला असंल अशी आशा आहे. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे जिवंत आहेत. फोन सोडून कागद काहून काळा केला, असं तुम्ही म्हणाल. तर फोन लावला की तुम्ही पुण्याच्या ट्रॅफिकात असता, आन व्हॉट्सअपवर एवढी मोठी तक्रार लिहिली तर तुम्ही तिच्यावर नुसता अंगठा पाठवता. पत्रावर अंगठा पाठवायची सोय न्हाई, म्हणून पत्र.

कारण एकच. तुम्ही वापरून झालेली ती राहायची गाडी आम्हाला दिली (नात्यातली, घरच्यासारखी, डोळे झाकून घ्या म्हणले), ती परत घेऊन जा. जल्दी घेऊन जा.

गाडी मी शौकानं घेतली न्हाई, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाप गेल्यापासून आमची आई आसराबाई आमच्या फ्लॅटात राह्यली खरी, पण दुसरा मजला तिला कधी मानवला न्हाई. कुणी विचारलं तर 'सुग्रीवच्या इथं असते' म्हणते. सारं लहानपण मेंढरामागं पालात गेलेली बाई, दार लावून बसायचं म्हणलं की तिचा जीव गुदमरतो. दिवाळी झाली की मंठ्याकडं गावी जाते आन एकटी राहते, असं तिनं जाहीर करून टाकलं. तिथं मागल्या साली चक्कर येऊन अंगणात पडल्ती, शेजारणीनं पाह्यलं म्हणून वाचली. माझी झोप उडाली. (रडू आलं असं लिहिलं तर तुम्ही ताईंना मोठ्यानं वाचून दाखवाल, म्हणून लिहीत न्हाई.) अशा टायमाला तुम्ही म्हणले, गाडीत राहा, निसर्गात जा, म्हातारी खुश होईल आन गावाचं नाव काढणार न्हाई. मी बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर आहे. पाकिटावरचं चित्र आन वावरात उगवलेलं पीक याच्यातला फरक मला दर हंगामात दिसतो. तरी फसलो.

राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन पलीकडच्या एका तळ्याकाठी मुक्काम, असा बेत होता. कॉलनीतून निघतानाच गाडीच्या टपानं केबलच्या तारा ओढून नेल्या. अख्ख्या गल्लीचं नेट गेलं, लोक गॅलऱ्यांत येऊन हातवारे करायला लागले, आन मला वाटलं निरोप देऊन राह्यले, म्हणून मी पण हात हलवला. तुमचं ते घडीचं बेड एकदा उघडलं ते मिटलंच न्हाई, त्यामुळं तुमची धाकटी मेव्हणी शिवकन्या राजूरपर्यंत आडवी होऊन आली. नळ सोडला की दिवे लागत, आन दिव्याचं बटन दाबलं की पंप सुरू. संडासाचं दार आईनं उघडून पाह्यलं, शेगडीपासून दोन हातांवर, आन 'हे कुण्या येड्यानं बांधलं' म्हणून परत लावून टाकलं. तिथून पुढं आम्ही सगळे निसर्गातच गेलो. तेवढं तुमचं म्हणणं बराबर निघालं.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. तळ्यावर बकऱ्या घेऊन आलेल्या एका बाबानं आमच्या छकुलीला विचारलं, पोरी, इथं काय करून राह्यले? पोरगी आठवीत, शाळा इंग्लिश मिडियमची. तिनं मोबाइलातून मान न काढता सांगितलं, आम्ही कॅम्पला आलोय. आता साडूभाऊ, तुमच्या पुण्यात कॅम्प म्हणजे साड्या घ्यायची जागा असंल, आमच्याकडं कॅम्प म्हणजे डोळ्याचा, दाताचा, आधार कार्डाचा, न्हाई तर फुकट चष्म्याचा. त्यात गाडी पांढरी आन अंगावर लाल पट्टा. पोहे फोडणीला पडायच्या आत बांधावरून माणसं यायला लागली, हातात आधारची झेरॉक्स. रांग लागली. रांगेत भांडण लागलं. ते मिटवायला सरपंच झुंबरबाई आल्या, आन त्यांच्या वतीनं बोलायला त्यांचे मालक आले. बाईंनी तोंड उघडलं की मालक 'मॅडमचं म्हणणं असंय' म्हणून सुरू. उद्घाटनाशिवाय कॅम्प कसा व्हायचा, म्हणून त्यांनी छकुलीच्या वेणीची रिबन सोडून गाडीच्या दाराला बांधली आन झुंबरबाईंच्या हातून कापून घेतली. मला शाल दिली, नारळ दिला. मी दोन शब्द बोललो. (काय बोललो ते विचारू नका, टाळ्या पडल्या.)

मंग हिंमत करून खरं सांगितलं, की आम्ही कुण्या खात्याचे न्हाई, नुसते राहायला आलो. रांगेतून आवाज आला, 'राहायला? घर न्हाई का?' घर आहे. 'मंग?' आता या 'मंग'ला काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा. घर आहे, गादी आहे, नळाला (आठवड्यातून एकदा का होईना) पाणी आहे, ते सोडून खर्चा करून माळावर यायचं आन डास मारत बसायचं, याला मजा म्हणतात, हे मला मलाच पटवता येईना. बकऱ्यावाला बाबा शिवकन्येला बाजूला घेऊन हळूच म्हणला, 'बँकेनं घर ओढलं का माय?' मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून घरकुलाच्या यादीत माझं नाव घालायचा शब्द दिला. त्यांच्याच गावातले अर्ज करून करून थकलेले लोक मागं उभे राहून ऐकत होते.

आन आई? आई गाडीच्या पायरीवर बसल्ती. मला वाटलं आता चिडते आन इथूनच मंठ्याची एसटी धरते. तर ती बायांना म्हणली, आल्याच आहात तर बसा की. शिवकन्येनं आईसाठी घेतलेलं बीपीचं मशीन काढलं आन एकेकीच्या दंडाला लावायला सुरुवात केली. मशीन फुगंपर्यंत आई प्रत्येकीला माहेर कोणतं, सुना कशा, हे विचारून घ्यायची. एका म्हातारीच्या मामाची मेंढरं आन आईच्या बापाची मेंढरं कधीकाळी एकाच वावरात बसल्ती असं निघालं, आन दोघी एकमेकीच्या गळ्यात पडून हसल्या. दुपारी घराघरांतून भाकरी, पिठलं, ठेचा आला. आई पोटभर जेवली. फ्लॅटात ती चतकोरावर उठते, साडूभाऊ. बीपी सगळ्यात जास्त माझं निघालं.

संध्याकाळी गाडी चालू झाली न्हाई. ट्रॅक्टरला बांधून राजूरपर्यंत ओढत आणली. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत पाह्यलं आन 'कुणी दिली?' एवढंच विचारलं. नातं आहे, म्हणून मी तुमचं नाव सांगितलं न्हाई. त्यानं कशीबशी चालू करून दिली, आता ती आमच्या कॉलनीच्या गेटापाशी उभी आहे. येत्या रविवारी या, जेवा आन घेऊन जा. सबब बिलकुल चालणार न्हाई.

अजून तरी तुमचाच साडू,
सुग्रीव

ता. क. पत्र चार दिवस खिशातच राह्यलं. दरम्यान आई रोज सकाळी खाली जाऊन गाडीच्या पायरीवर बसायला लागली. भाजीवाली मालनबाई टोपलं उतरवून तिच्यापाशी बसते, वॉचमन चहा तिथंच पितो, आन तारा तुटल्यापासून माझ्याशी न बोलणारे शेजारी आईपाशी तासभर बोलत बसतात. दुसरा मजला चढून कोण येतं हो? रविवारी येऊ नका.

दुसरी ता. क. परवापासून झोपायला पण तिथंच आहे. कॉलनीची कमिटी गाडी हटवा म्हणून सांगायला आल्ती. ती पण चहा पिऊन गेली.

तिसरी ता. क. (पत्र खरं याच्यासाठीच आहे.) मागल्या दाराची दुसरी किल्ली तुमच्याकडं असंल तर कुरिअरनं पाठवा. एकच आहे आन ती आईनं कनवटीला लावली. मला जॅक काढायचा होता म्हणून मागितली, तर म्हणली, "माझ्या घराची किल्ली तुला कशाला? यायचं असलं की दार वाजव. मी कुठं जाऊन राह्यले?"